बुंदीची बाटली

गाईच्या मागे बाटली धरून उभं राहायला पीएच.डी. कशाला लागते, हा प्रश्न ऋता पाळंदेला दुर्गाघाटापासून पंचगंगाघाटापर्यंतच्या प्रत्येक दुकानदाराने विचारून झाला होता. सुरुवातीला ती उत्तर द्यायची. मग उत्तर देणं सोडून नुसती रोखून बघायची. आता चाळिशी उलटल्यावर ती बघतही नसे. बाटली धरायची, गाईच्या शेपटीकडे लक्ष ठेवायचं आणि मनातल्या मनात सगळ्या काशीचा उद्धार करायचा.

कारण लोक नुसते प्रश्न विचारून थांबत नसत. ती पहाटे उभी राहिली की मागे कुणी ना कुणी लोटा घेऊन येऊन उभं राहायचं. "बहिनजी, आपका हो जाय तो थोड़ा हमको भी." एका म्हातारीने तर तिच्या पायालाच हात लावला. गोमूत्रासाठी एवढी तपश्चर्या करणारी बाई तिने बघितली नव्हती म्हणे. हे पूजेसाठी नाही, तपासणीसाठी आहे, असं ऋताने सांगून पाहिलं. म्हातारीने विचारलं, "गऊ माता बीमार हईं?" नाही. "त तू बीमार हऊ?" तेही नाही. "तब काहे?" आता घ्या, काय सांगणार?

ऋता विद्यापीठात पशुपोषण शिकली आणि तिथेच एका प्रकल्पावरून दुसऱ्या प्रकल्पावर उड्या मारत राहिली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटा भाऊ निनाद पुण्याला गेला तो तिकडचाच झाला आणि फोनवर मराठी शुद्ध बोलायला लागला. घरात ती आणि वडील, दोघंच. वडील ढुंढिराजशास्त्री पाळंदे दक्षिणी, म्हणजे काशीतल्या मराठी, यजमानांची भिक्षुकी करत. पंचगंगेच्या वरच्या गल्लीत त्यांच्या तीन पिढ्या हेच करत आल्या होत्या. पंच्याहत्तरी जवळ आली तरी ते दिवसातून कितीदा तरी घाट उतरत आणि चढत. कधी स्नानाला, कधी यजमानाचं श्राद्ध करवायला, कधी नुसतं कुणी हाक मारली म्हणून. मुलगी काय काम करते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "गाईंची सेवा करते" असं सांगून ते मोकळे होत, आणि ते ऐकून ऋताच्या अंगाचा तिळपापड होई.

काम समजायला अवघड नाही, असं तिचं मत होतं. दुसऱ्या कुणाचं ते मत नव्हतं. गल्लीतली गाय दिवसाला किती ऊर्जा खर्च करते ते मोजायचं, एवढंच. गोठ्यातल्या गाईच्या तोंडावर मुखवटा चढवून मोजता येतं. पण मुखवटा चढवलेली गाय मणिकर्णिकेच्या गर्दीतून हिंडवणार कोण? म्हणून तिला पाणी द्यायचं. ज्यातला थोडा हायड्रोजन नेहमीपेक्षा जड आणि थोडा ऑक्सिजनही जड असतो, असं खास बनवून घेतलेलं पाणी. त्यात विष नाही, किरणं नाहीत, गाईला पत्ताही लागत नाही. जड हायड्रोजन अंगातून फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो. जड ऑक्सिजन पाण्यावाटे पडतोच, शिवाय श्वासावाटेही पडतो.

"लग्नघर समजा बाबा," तिने एकदा जेवताना वडिलांना समजावलं होतं. "मुलीकडचे पाहुणे फक्त पुढच्या दाराने जातात. मुलाकडचे पुढच्याही दाराने जातात आणि मागच्याही. आठ-दहा दिवसांनी दोन्हीकडचे किती उरले ते मोजायचं. मुलीकडच्यांच्या मानाने मुलाकडचे जितके कमी उरले, तेवढे मागच्या दाराने गेले. मागचं दार म्हणजे श्वास. आणि श्वास म्हणजे जाळलेलं अन्न. कळलं?"

"हूं," ढुंढिराज म्हणाले.

"आणि आपली ही घाट चढणारी गाय गोठ्यातल्या गाईपेक्षा पुष्कळ जास्त जाळते. एकेक चढण म्हणजे तिला खाणं लागतं. कळलं का?"

"बुंदी फार चढते," एवढं बोलून त्यांनी आचवायला हात पुढे केला. पालथ्या घड्यावर पाणी, असं मनाशी म्हणत ऋताने ताटं उचलली.

बुंदी म्हणजे पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके असलेली, एक शिंग वाकडं झालेली गल्लीतली म्हातारी गाय. तिचं नाव कोपऱ्यावरच्या पानवाल्याने ठेवलं होतं. मालक कुणी नव्हता, म्हणजे सगळेच होते. घाटावरच्या पायऱ्यांवर निर्माल्य आणि केळी मिळत, वर गल्लीत शिळी पुरी मिळे, म्हणून ती दिवसभर खालीवर करायची. आणि संध्याकाळी गोग्रास मंडळाचा चारा.

सगळं घोडं या मंडळापाशीच अडलं होतं. दक्षिणी लोकांनी कधीकाळी सुरू केलेलं हे मंडळ रोज संध्याकाळी गल्लीतल्या गाईंना कडबा आणि कोंडा घालत आलं होतं. आता चिटणीस झाले होते सुमंतकाका गोळवलीकर, बँकेतून निवृत्त, आणि निवृत्तीनंतर जगातली प्रत्येक गोष्ट सुधारायला निघालेले. या उन्हाळ्यापासून चारा बंद करावा असं त्यांनी सभेत मांडलं. का? तर गाईंची पोटं बघा केवढी फुगलेली असतात. येणारा-जाणारा यात्रेकरू त्यांना खायला घालतो. अन्नपूर्णेच्या काशीत कुणी उपाशी राहत नाही, गाय तर नाहीच नाही.

"काका, पोट फुगलंय ते प्लास्टिकने," ऋता सभेत उभी राहून म्हणाली. "आणि निकृष्ट खाण्याने. बरगड्या बघा ना."

"हे तुझं म्हणणं झालं, बेटा. आकडा आहे का काही? आकडा आण, मंडळ विचार करेल. आम्ही भावनेत बहकून निर्णय घेत नाही."

आकडा! ऋताने तिथल्या तिथे सांगितलं, वैशाखाचं ऊन लागायच्या आत आकडा आणते. आणि तिथून नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं सुरू झाली.

पाणी मोजकं होतं. दोन वर्षं खटपट करून चार जनावरांपुरतं मिळालं होतं, आणि परत मिळण्याची आशा नव्हती. पहिला नंबर एका बैलाचा. त्याला शिरेतून पाणी दिलं, पहिला नमुना घेतला, आणि तो जो गेला तो गेला. कुणी म्हणे अस्सीला दिसला, कुणी म्हणे गंगा ओलांडून रामनगरला गेला. दुसऱ्या गाईने ऐन वेळी मान झटकली आणि निम्मं पाणी ऋताच्या कुर्त्यावर सांडलं. तिसरीला मोकाट जनावरं धरणाऱ्या गाडीने उचललं, आणि ती कुठे ठेवली हे चार ठिकाणी विचारूनही कुणी ताकास तूर लागू दिली नाही. राहिली बुंदी.

बुंदीला सुई टोचायची म्हटल्यावर गल्ली गोळा झाली. "गऊ माता को सूई?" एका धिप्पाड गृहस्थाने बाह्या सरसावल्या. सोबत आलेला जनावरांचा डॉक्टर अनिमेष गाडीकडे सरकायला लागला. ऋता ओरडून ओरडून समजावत होती, तिचं कोण ऐकतंय? शेवटी ढुंढिराज दारात आले. त्यांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "अरे भइया, पानी है. पानी." एवढंच. लोक पांगले. मुलीचं शास्त्र अर्धा तास हरलं आणि बापाच्या दोन शब्दांनी काम झालं, याचा ऋताला आनंद व्हायला हवा होता. तिला संताप आला.

पाणी अंगभर मिसळल्यावरचा पहिला नमुना नीट मिळाला. मग वाट बघायची. त्या दिवसांत ती विद्यापीठाला जाण्याआधी बुंदी जागेवर आहे ना ते बघून जायची आणि आल्यावर पुन्हा बघायची. बुंदी बहुतेक वेळा त्यांच्याच दाराशी उभी असे. एवढं एक तरी नशीब बरं, असं ऋताला वाटे. घरातही एकच गोष्ट सुरळीत होती. सकाळी घाईघाईत ती पाच पोळ्या, भाजी, थोडा भात करून ठेवायची आणि संध्याकाळी आल्यावर पोळ्यांचा डबा लख्ख रिकामा असायचा. बाबांची भूक चांगली आहे. फक्त खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. बंडी खांद्यावरून ओघळायला लागली होती, म्हणून तिने एकदा चिडून नवीन, लहान मापाची आणून दिली.

शेवटच्या नमुन्याच्या वेळी बुंदीने दोन पहाटा घाटावर तिष्ठत ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता चक्क दारात येऊन काम केलं. ऋताने बाटली भरली, बूच घट्ट बसवलं, वर चिठ्ठी चिकटवली आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवली. वीज गेलेली होती. लस्सीवाल्याकडून बर्फ आणून नमुना त्यात बांधायचा आणि तसाच बाहेरगावच्या प्रयोगशाळेकडे रवाना करायचा होता. ती बर्फाला गेली. गल्लीच्या तोंडाशी ई-रिक्षा, यात्रेकरू आणि एक वरात यांची अशी गाठ बसली होती की परत यायला तिला चांगलाच उशीर झाला. घाईघाईने तिने बाटली काढली, बर्फात पुरली, धाडून दिली, आणि कितीतरी दिवसांनी दुपारी झोपली.

निकाल आला तेव्हा चैत्र संपत आला होता आणि मंडळाची सभा दुसऱ्या दिवशी होती.

प्रयोगशाळेतल्या रुचीने पाठवलेले आकडे ऋताने एकदा बघितले, चष्मा पुसून पुन्हा बघितले. त्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर बुंदी दिवसाला दोन गाईंचं पाणी पीत होती. दोन गाईंचं! गंगेकाठी राहते म्हणून काय झालं? तिने रुचीला फोन लावला.

"दोनदा चालवलाय नमुना," रुची म्हणाली. "यंत्र ठीक आहे. तुझ्या शेवटच्या बाटलीत जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन दोन्ही फारच कमी आहेत. कुणी काही मिसळलंय का त्यात?"

"कोण मिसळणार? बाटली माझ्या घरात होती!"

हे ती जेवणघरात उभी राहून, नेहमीच्या तिच्या आवाजात बोलली. ढुंढिराज पाटावर बसून दूर्वा निवडत होते. त्यांचा हात थांबला.

"कुठली बाटली?"

"बुंदीची, बाबा. शेवटची. फ्रिजमधली."

"ती मी नेली होती," ते म्हणाले.

ऋताने फोन खाली ठेवला.

"त्या दिवशी यजमानाकडे सुतक फिटलं होतं," ते सांगू लागले. "पंचगव्य करायचं होतं. सकाळी गल्लीत एक गाय नाही, कुठेतरी भंडारा होता, सगळ्या त्या अन्नदानाच्या पंगतीकडे गेलेल्या. मुहूर्त टळत होता. फ्रिजमध्ये बघितलं तर गोमूत्र आहे, बुंदीचं, ताजं. वाटलं, लागतंय ते किती. नेलं. तू यायच्या आत आणून ठेवलं."

"पण बाटली भरलेली होती! मी बघितली, गळ्यापर्यंत भरलेली होती!"

"रिकामं भांडं परत देऊ नये," ढुंढिराज म्हणाले. आणि कुणीही शहाणा माणूस हेच करेल अशा आवाजात पुढे म्हणाले, "येताना वाटेत ती काळी गाय भेटली. तिचं भरून आणलं. उणी बाटली ठेवणं बरं दिसलं नसतं."

आईने शेजारणीची वाटी साखरेच्या चिमटीशिवाय कधी परत पाठवली नाही. आजीनेही नाही. त्या घराण्याच्या साऱ्या संस्काराचं फळ ऋताच्या त्या एका बाटलीत येऊन पडलं होतं. तिने डोक्याला हात लावला आणि मग तिचा तोल गेला. दोन वर्षं, ती ओरडली. चार जनावरं. लोकांच्या नजरा, हे असलं काम, आणि शेवटी घरातच! "विचारायचं तरी ना बाबा! चिठ्ठी लावली होती वर! वाचता येतं ना तुम्हाला? चारी वेद येतात, एक चिठ्ठी वाचता येत नाही? उद्या मी त्या सुमंतकाकांना काय सांगू? त्यांना काय, निमित्तच हवंय. चारा बंद होईल. मे महिन्यात गाई मरतील, आणि तुम्ही म्हणाल उणी बाटली बरी दिसली नसती!"

ढुंढिराज ऐकून घेत होते. "चुकलं," ते एकदाच म्हणाले. आयुष्यात त्यांनी तिला हा शब्द प्रथमच ऐकवला असेल. पण ऋता तेव्हा ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. ती तणतणत आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

राग आला की ती गणितं करायची, ही तिची लहानपणापासूनची खोड. सभेला जाऊन हात हलवत उभं राहण्यापेक्षा निदान नुकसान किती झालं ते बघू, म्हणून तिने आकडे पुढ्यात घेतले. शेवटच्या बाटलीत काळ्या गाईचं गोमूत्र पडलं. काळ्या गाईला जड पाणी दिलेलं नाही. ती याच गल्लीतली, हेच पाणी पिणारी. म्हणजे जड हायड्रोजन पातळ झाला. जड ऑक्सिजनही पातळ झाला. जितका हा, तितकाच तो.

तिचा हात थबकला. चहात पाणी ओतलं तर साखर आणि दूध दोन्ही पातळ होतात, पण एकमेकांशी त्यांचं जे प्रमाण असतं ते तसंच राहतं. लग्नघरातले निम्मे पाहुणे कुणी गाडीत घालून नेले, पण दोन्ही पक्षांकडचे निम्मे-निम्मे नेले. घरात किती उरले हे चुकणार. बुंदी किती पाणी पिते ते साफ चुकणार, म्हणून तर दोन गाईंचं आलं. पण मागच्या दाराचा हिशोब दोघांमधल्या प्रमाणावर उभा होता, आणि प्रमाणाला धक्काच लागला नव्हता. किती मिसळलं हेसुद्धा माहीत असायची गरज नव्हती. तिने पुन्हा केलं. उलट बाजूने केलं. थोडं इकडेतिकडे होत होतं, आणि झालंच तर आकडा खरा असेल त्याहून किंचित कमीच दिसत होता. शोधनिबंधात घालण्याच्या लायकीचा हा नमुना राहिला नव्हता, ते तिला पक्कं ठाऊक होतं. पण सुमंतकाकांना हवा तो आकडा समोर होता. बुंदी गोठ्यातल्या गाईच्या दीडपट जाळत होती. मंडळाचा चारा आणि यात्रेकरूंच्या पुऱ्या मिळूनही ती तुटीत होती, आणि त्यातला चारा काढला तर उन्हाळा निघण्याची आशा नव्हती.

तिला हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचाही राग आला. एवढं ओरडून झाल्यावर आता बाहेर जाऊन काय सांगायचं? ती काहीच न सांगता झोपली.

सभा घाटालगतच्या दत्तमंदिराच्या ओसरीत होती. ऋता निघाली तर ढुंढिराज उपरणं घेऊन दारात तयार. "मी येतो," ते म्हणाले. "माझी चूक मी सांगेन. तुझ्यावर यायला नको."

"अहो, तशी गरज नाही राहिली..."

"आहे," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरायला लागले. या हट्टी माणसापुढे हात टेकून ती मागून निघाली.

सुमंतकाकांनी सभा सुरू केली. "तर, ऋता बेटा. आकडा?"

"आहे," ऋता उभी राहिली. "पण आधी एक सांगायचंय. शेवटच्या नमुन्यात—"

"ते मी सांगतो," ढुंढिराज उठले. सगळं मंडळ त्यांच्याकडे बघायला लागलं, कारण त्यातल्या निम्म्यांच्या मुंजी त्यांनीच लावल्या होत्या. त्यांनी काही लपवलं नाही. मुलीने परीक्षेसाठी ठेवलेली बुंदीच्या गोमूत्राची बाटली मी न विचारता नेली, वापरली आणि दुसऱ्या गाईचं भरून ठेवलं. दोष माझा. तिच्या कामात खोट नाही.

"वापरली म्हणजे?" सुमंतकाकांनी विचारलं. "कुठे वापरली?"

ढुंढिराजांनी उपरणं सारखं केलं. यजमानाच्या घरची गोष्ट चारचौघांत काढायची नाही, हा त्यांचा नियम होता.

"गुरुजी, कुठे वापरली?"

"तुमच्याकडेच," ढुंढिराज खाली बघत म्हणाले. "ग्वाल्हेरच्या भाऊबंदांचं सुतक फिटलं तेव्हा. पंचगव्याला."

ऋतालाही हे नवीन होतं. ओसरीत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि खोकल्यात दडवलं. सुमंतकाकांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तांबडा.

"म्हणजे ते... ते सुईतलं पाणी... मी प्यायलो?"

"काही होत नाही काका, निर्धोक असतं," ऋता म्हणाली. "थेंबभर तर गेलं असेल. आता आकडा सांगते. गोठ्यातल्या गाईच्या तुलनेत—"

"शुद्धी झाली की नाही?" काकांनी तिला हाताने थांबवलं. "गुरुजी, मला आधी ते सांगा. माझ्या घराची शुद्धी झाली की नाही झाली?"

"झाली," ढुंढिराज ठामपणे म्हणाले. "गाय ती गाय. बुंदीने तुमचं घर शुद्ध केलं."

मग जी चर्चा सुरू झाली तिला ऋता शेवटपर्यंत तोंड उघडं ठेवून बघत राहिली. जिच्या पंचगव्याने शुद्ध झालो तिच्याच तोंडचा घास काढायचा, हे पाप कुठे फेडणार? एकाने विचारलं. दुसऱ्याने बायकोच्या माहेरी अशाच एका प्रसंगी काय झालं ते सांगितलं. सुमंतकाका रुमालाने मान पुसत होते. "ऋता म्हणतेच आहे तर," ते शेवटी म्हणाले, "चारा चालू ठेवायला मंडळाची हरकत नाही. उन्हाळ्यात कोंडा थोडा वाढवा." ठराव झाला. चहा आला.

"काका, आकडा," ऋता म्हणाली.

"असू दे बेटा, असू दे," सुमंतकाका म्हणाले. "विश्वास आहे तुझ्यावर."

दोन वर्षांचा आकडा पर्समध्ये घेऊन ऋता घाट चढायला लागली. चारा चालू राहिला होता. तिला जे हवं होतं ते झालं होतं. आणि ते तिच्यामुळे झालं नव्हतं. हसावं की पायरीवर डोकं आपटावं, तिला ठरवता येईना. "गाढवापुढे वाचली गीता," ती पुटपुटत होती. "आकडा आणा म्हणे. आकडा!"

निम्म्या चढावर ढुंढिराज थांबले. भिंतीला हात टेकून ते पायरीवर बसले. श्वास जोरात चालला होता.

"किती आला गं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"आकडा. तुझा तो, मागच्या दाराचा."

ऋता वळून बघत राहिली. मग तिने सांगितलं. दीडपट. नमुन्यात काळ्या गाईचं पडूनसुद्धा प्रमाण कसं टिकलं, तेही सांगितलं. ढुंढिराज मान हलवत ऐकत होते.

"म्हणजे माझ्याने बिघडलं नाही."

"नाही बिघडलं."

"आणि चढायला? घाट एकदा चढायला तिला किती लागतं? पोळीच्या हिशोबात सांग."

"पोळीच्या?" ऋताला आता हसू आलं. "एका चढणीला साधारण एक पोळी समजा. जरा जास्तच."

"मग बरोबर आहे," ढुंढिराज समाधानाने म्हणाले. "रोज चारपाच वेळा चढते. मी पाचच देतो. बाकीचं मंडळ बघेल, चढण्याचं मी बघतो."

"कुठल्या पाच?"

"डब्यातल्या."

ऋताला आधी कळलं नाही. मग लख्ख रिकामा डबा डोळ्यांपुढे आला. रोज दाराशी उभी असलेली बुंदी आली. ओघळलेली बंडी आली, आणि आपण चिडून आणलेली लहान मापाची दुसरी.

"आणि तुम्ही?"

"भात असतो की थोडा. म्हाताऱ्याला लागतं किती?"

"कधीपासून, बाबा?"

"तू ते लग्नघराचं सांगितलंस ना जेवताना? तेव्हापासून. तूच म्हणालीस, चढायला खाणं लागतं."

ओरडायला तिने तोंड उघडलं होतं. कालही केवढं ओरडली होती, आणि कुणावर? गाईचा श्वासन्‌श्वास मोजायला निघालेल्या बाईने, रोज तेवढाच घाट चढणाऱ्या आणि आता समोर धापा टाकत बसलेल्या या माणसाकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. तिला रडू कोसळलं, आणि नाक पुसत ती त्यांच्यावर खेकसली, "उठा. उठा आधी. घरी चला."

ढुंढिराजांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला. दोघं सावकाश वर आली. दारात बुंदी उभी होती, एक शिंग वाकडं, मान पुढे काढलेली, आणि तिची नजर ऋताकडे नव्हती, ढुंढिराजांच्या हाताकडे होती.

"आज नाही," ऋताने तिला हाताने बाजूला सारलं. "आज ते जेवणार आहेत."